मदरसा आणि त्याचे परीक्षक

एखाद्या विद्यालयाची योग्यता ठरवावयाची तर त्याच्या इमारतीकडे किंवा विद्यार्थ्यांच्या संख्येकडे पाहून भागत नाहीं. तेथें शिकणाराची पारख कोण करीत असे, कोणत्या मापानें करीत असे, आणि पारख करणारास तो अधिकार कोणीं दिला होता, हें समजल्यावांचून त्या विद्यालयानें समाजास काय दिलें हें सांगतां येत नाहीं. आपल्याकडील पाठशाळांचा या दृष्टीनें थोडाफार विचार झालेला आहे. मुसलमानांच्या मदरशांविषयीं मात्र मराठी वाचकांस फारच थोडी माहिती असते, आणि जी असते ती बहुधा वर्तमानपत्रांतील वादांतून आलेली असते. एक पक्ष म्हणतो, मदरशांत कांहींच शिकवीत नाहींत. दुसरा म्हणतो, तेथें जें शिकवितात त्याकडे बाहेरच्यानें पाहूंच नये. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, मदरसा ही आजवर कोणीं न तपासलेली संस्था आहे. आमच्या मतें हें गृहीत इतिहासास धरून नाहीं. गेल्या साडेनऊशें वर्षांत मदरशाची तपासणी गुरूंनीं केली, दात्यांनीं केली, सरकारनें केली आणि सामान्य लोकांनींहि केली. त्या तपासण्यांतून काय निष्पन्न झालें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आरंभीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मशिदीच्या ओसरींत लहान मुलांस अरबी अक्षरें व कुराणाचा पाठ शिकवितात तो मक्तब. आणि व्याकरण, तर्क, धर्मशास्त्र, हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची परंपरा, हे विषय क्रमानें शिकवून पंडित तयार करितात तो मदरसा. व्यवहारांत दोहोंसहि मदरसाच म्हणतात, व त्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. २००६ सालीं न्यायमूर्ति राजिंदर सच्चर यांच्या समितीनें दाखवून दिलें कीं, शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकीं शेंकडा सुमारें ३ मुलेंच मदरशांत शिकतात. जीं मुलें साध्या शाळेंत जाऊन शिवाय मक्तबांत तासभर बसून येतात, त्यांचीहि गणना लोक मदरशांच्या विद्यार्थ्यांत करितात, म्हणून हा आंकडा ऐकणारास खोटा वाटतो.

जुन्या काळीं पदवी देण्याचें काम मदरशाकडे नव्हतें. तें गुरूकडे होतें. शिष्य एखादा ग्रंथ गुरूपाशीं बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाची. गुरूची खात्री पटली म्हणजे तो त्यास इजाजत देई. अमक्यानें माझ्यापाशीं अमुक ग्रंथ वाचला असून तो दुसऱ्यास शिकविण्याची त्यास मोकळीक आहे, अशा आशयाचा तो लेख असे. आणि त्यांत गुरूचा गुरु, त्याचा गुरु, अशी मूळ ग्रंथकारापर्यंतची परंपरा नांवनिशीवार दिलेली असे. शिष्य कोठें शिकला हें कोणी विचारीत नसे. कोणापाशीं शिकला हें विचारीत.

या पद्धतींत एक मोठा गुण होता. दाखला देणाराचें नांव दाखल्यांत गुंतलेलें असे. नालायक शिष्यास इजाजत दिली तर शिष्याबरोबर गुरूचीहि अब्रू जाई. हदीस सांगणाऱ्या हजारों माणसांचीं चरित्रें गोळा करून त्यांतला विश्वासू कोण, विसराळू कोण, खोटें बोलणारा कोण, याची छाननी करणारें एक स्वतंत्र शास्त्रच मुसलमान पंडितांनीं निर्माण केलें होतें. साक्ष तपासण्यापूर्वीं साक्षीदार तपासावा, ही बुद्धि ज्या समाजांत इतकी खोल रुजली होती त्यास परीक्षा म्हणजे काय हें पाश्चात्त्यांपासून शिकावें लागलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु याच पद्धतींत तिचा दोषहि होता. गुरूच्या नांवास किंमत आली, तशी त्या नांवाची हांवहि वाढली. थोर व वृद्ध पंडिताशीं परंपरा जोडली जावी म्हणून बाप आपल्या तान्ह्या मुलांच्या नांवानें इजाजत मागूं लागले, आणि कित्येक पंडित ती देऊंहि लागले. ज्या मुलास अजून बोलतां येत नाहीं त्याच्या हातीं ग्रंथ शिकविण्याचा परवाना आला! माप सोन्याचें असलें तरी मापणाराचा हात हलला म्हणजे काय होतें याचें हें उदाहरण आहे.

दुसरा परीक्षक म्हणजे दाता. सल्जूक सुलतानांचा वजीर निजामुल्मुल्क यानें बगदादेस बांधलेला निजामिया मदरसा १०६७ सालीं उघडला. त्याच्या उद्घाटनाची हकीकत फार बोधप्रद आहे. मुख्य अध्यापकाची जागा अबू इस्हाक शिराझी या विख्यात पंडितास द्यावयाचें ठरलें होतें. ठरलेल्या दिवशीं सारें शहर जमलें, पण शिराझी आलेच नाहींत. मदरशाची जागा लोकांकडून बळजबरीनें घेतलेली आहे असें त्यांच्या कानीं आलें होतें, आणि हिरावून घेतलेल्या जागेंत बसून धर्मशास्त्र शिकविणें त्यांस मान्य नव्हतें. दुसरे पंडित इब्न अस्‌-सब्बाघ यांस त्या आसनावर बसवावें लागलें. पुढें सुमारें वीस दिवसांनीं बरेंच आर्जव झाल्यावर शिराझींनीं ती जागा स्वीकारली. उद्घाटनाच्या त्या दिवशीं परीक्षा झाली ती मदरशाची, आणि परीक्षक झाला तो त्याचाच नियोजित अध्यापक. विद्यालयाचा पाया न्यायाचा आहे कीं नाहीं हा प्रश्नहि त्याच्या गुणवत्तेचाच प्रश्न आहे, हें त्या पंडितानें जाणलें होतें. आजच्या तपासणीच्या तक्त्यांत या प्रश्नास रकाना नसतो.

मदरशाचा खर्च वक्फाच्या उत्पन्नांतून चाले. वक्फ म्हणजे धर्मकार्यार्थ कायमची बाजूला काढून ठेविलेली मिळकत. दाता वक्फनाम्यांत अटी घाली: अध्यापक कोणत्या पंथाचा असावा, विद्यार्थी किती असावे, कोणास किती वेतन द्यावें. या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें मुतवल्ली म्हणजे व्यवस्थापक पाही, आणि त्याच्यावर काजीची देखरेख असे. निजामुल्मुल्कानें तर अध्यापक नेमण्याचा व काढण्याचा अधिकार आपल्या हातीं राखून ठेविला होता. तेव्हां देखरेख होती, आणि ती कडकहि होती. पण ती कशाची? हिशेबाची, हजेरीची आणि पंथाची. शिष्यास पाठ समजला किंवा नाहीं हें वक्फनामा विचारीत नसे. याचा परिणाम कांहीं पिढ्यांनीं दिसूं लागला. अध्यापकाची जागा बापाकडून मुलाकडे जाऊं लागली, आणि एकाच माणसाकडे अनेक मदरशांचीं वेतनें सांचूं लागलीं. दमास्कसचे काजी ताजुद्दीन सुब्की हे १३७० सालीं वारले. समाजांतील प्रत्येक धंद्याच्या माणसानें आपलें कर्तव्य कसें करावें हें सांगणारा एक ग्रंथ त्यांनीं लिहिला आहे. पुस्तकांतल्या दोनचार ओळी पाठ करून आसनावर बसणारा व तेवढ्या म्हणून दाखवून उठणारा अध्यापक वेतनास पात्र नाहीं, असा स्पष्ट अभिप्राय त्यांनीं त्यांत दिला आहे. मदरशांवरील अत्यंत कडक टीका मदरशांत वाढलेल्या माणसांनींच केलेली आहे, ही गोष्ट आजच्या वादांत दोन्ही बाजू विसरतात.

दक्षिणेंतहि हाच क्रम दिसतो. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्यांच्या सत्तेखालीं होता त्या बहामनी सुलतानांच्या राजधानींत, बिदर येथें, वजीर महमूद गावान यानें १४७२ सालीं बांधलेला मदरसा आजहि भग्नावस्थेंत उभा आहे. तीन मजली इमारत, रंगीत कौलांनीं मढविलेला मनोरा आणि मोठें ग्रंथालय असा त्याचा थाट होता. गावान स्वतः विद्वान होता व त्याचा विद्वानांशीं पत्रव्यवहार असे. म्हणजे येथें दाता हाच गुणज्ञहि होता, आणि विद्येस असा आश्रयदाता लाभणें हें मोठें भाग्य होय. परंतु १४८१ सालीं खोट्या आरोपावरून सुलतानानें गावानाचा वध करविला. पुढें थोड्याच वर्षांत राज्याचेहि तुकडे झाले. औरंगजेबाच्या अमलांत त्या मदरशांत दारूगोळा ठेवीत असत, आणि १६९६ सालीं झालेल्या स्फोटांत इमारतीचा मोठा भाग उडून गेला. एका माणसाच्या पारखीवर उभें राहिलेलें विद्यालय त्या माणसाबरोबर निराधार होतें.

हें वाचून कोणास असें वाटेल कीं ही मुसलमानांपुरतीच गोष्ट आहे, तर त्यानें आपल्या पुण्याकडे पाहावें. पेशवाईंत श्रावणमासीं दक्षिणा वांटीत, तेव्हां देशोदेशींचे वैदिक व शास्त्री पुण्यास येत, त्यांची परीक्षा होई, आणि योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे. हीहि दात्यानें घेतलेलीच परीक्षा होती. तिनें विद्येस उत्तेजन आलें, आणि पुढें रमण्यांत नुसती गर्दी जमूं लागली तेव्हां तीच विटूनहि गेली. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टन यांनीं दक्षिणेची रक्कम ५० हजारांवर आणिली. आणि त्याच निधींतून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. आतां ज्या तिसऱ्या परीक्षकाची हकीकत सांगावयाची आहे, म्हणजे सरकारची, त्यानें पाठशाळा व मदरसा या दोहोंवर एकाच सुमारास हात ठेविला, हें या सालावरून ध्यानांत येईल.

वॉरन हेस्टिंग्ज यानें १७८० सालीं कलकत्त्यास मदरसा काढिला. पहिला खर्च त्यानें पदरचा केला. मग कंपनीनें तो आपल्याकडे घेतला. हेतु धर्मशिक्षणाचा नव्हता. बंगालच्या न्यायकचेऱ्यांत त्या वेळीं फारशी भाषा व मुसलमानी कायदा चाले. त्यासाठीं काजी, मुफ्ती, सरिश्तेदार असे जाणते लोक कंपनीस पाहिजे होते. अभ्यासक्रम घेतला तो लखनौच्या फरंगीमहालांतील मुल्ला निजामुद्दीन यांचा. हे पंडित १७४८ सालीं वारले. त्यांच्या नांवावरून त्या क्रमास दर्स-ए-निजामी म्हणतात. प्रत्येक शास्त्रांतले दोनतीन अतिशय कठीण ग्रंथ घ्यावे व ते अक्षरशः उकलून पाहावे, म्हणजे बाकीचे ग्रंथ विद्यार्थी आपले आपण वाचूं शकेल, असें त्याचें मर्म होतें. मजकूर किती पाठ झाला यापेक्षां वाचण्याची शक्ति किती आली हें तेथें पाहत. तर्कशास्त्रास त्यांत मोठें स्थान होतें, आणि कचेरींत काम करणारास त्याचा उपयोगहि होई.

कंपनीची देखरेख क्रमानें वाढत गेली. पहिले मुख्य मौलवी मज्दुद्दीन यांस अव्यवस्थेच्या कारणावरून १७९१ सालीं दूर केलें. १८१९ सालीं युरोपियन चिटणीस आला. १८२१ सालीं पहिली जाहीर वार्षिक परीक्षा झाली. १८५० सालीं डॉक्टर स्प्रेंगर हे अरबीचे नामांकित युरोपीय पंडित पहिले प्रिन्सिपॉल झाले. त्यांनीं अभ्यासक्रमांत फेरफार करूं म्हटलें तेव्हां विद्यार्थ्यांनीं विरोध केला. त्या जागेवर पहिला मुसलमान गृहस्थ आला तो १९२७ सालीं, म्हणजे ७७ वर्षांनीं. परीक्षक विद्वान असत हें खरें. पण ज्यांच्या मुलांची परीक्षा व्हावयाची, त्यांचा परीक्षेच्या रचनेंत हात नसे.

तरी या संस्थेचें खरें दुखणें निराळेंच होतें. तिचें माप नोकरी हें होतें. विद्यार्थ्यास कचेरींत जागा मिळाली म्हणजे शिक्षण उत्तम, असा हिशेब. मग १८३७ सालीं कचेऱ्यांतून फारशी गेली, आणि १८६४ सालच्या कायद्यानें न्यायालयांतील काजी व मुफ्ती यांच्या जागा रद्द झाल्या. ग्रंथ तेच, गुरु तेच, परीक्षाहि तीच. पण जिच्यासाठीं ती सारी धडपड होती ती वस्तुच नाहींशी झाली. याच काळांत सरकारनें बंगाल्यांत करमाफीच्या जमिनींचे कागद तपासून पुष्कळ जमिनींवर सारा बसविला, व त्या उत्पन्नावर चालणारे लहान मदरसे बुडाले. इनाम कमिशनच्या आठवणी ज्या घराण्यांत अद्याप निघतात त्यांस या तपासणीचें स्वरूप समजावून सांगावयास नको. सरकारनें एका हातानें परीक्षा घेतली व दुसऱ्या हातानें निर्वाहाचें साधन काढून घेतलें.

या पार्श्वभूमीवर देवबंदचें महत्त्व कळतें. काजींच्या जागा रद्द झाल्यावर दोनच वर्षांनीं, १८६६ च्या मे महिन्यांत, सहारणपूर जिल्ह्यांतील देवबंद गांवीं छत्ता मशिदीच्या आवारांत डाळिंबाच्या झाडाखालीं एक गुरु व एक शिष्य बसले, आणि तो मदरसा सुरू झाला. दोघांचेंहि नांव महमूदच होतें. शिष्य पुढें शेखुल्हिंद मौलाना महमूद हसन या नांवानें प्रसिद्धीस आला. मदरशाचे प्रमुख प्रवर्तक मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनीं आठ नियम घालून दिले. त्यांचें सार असें कीं, मदरशास कायमचें उत्पन्न जोडूं नये. सरकारचा व श्रीमंतांचा हात त्यांत नसावा. सामान्य लोकांच्या वर्गणीवर तो चालावा. आणि कारभार सल्लागार मंडळाच्या विचारानें व्हावा. जमीनजुमला आला म्हणजे मनांतली आशा व भीति जाते आणि कारभाऱ्यांत कलह माजतो, असें त्यांचें म्हणणें होतें. वक्फांचा सहासातशें वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हें म्हणणें किती अनुभवाचें आहे हें पटतें.

परंतु वर्गणी मागावयाची तर लोकांस हिशेब दिला पाहिजे. म्हणून देवबंदचा वार्षिक अहवाल छापून निघूं लागला. त्यांत कोणीं किती दिलें, धान्य दिलें कीं पुस्तकें दिलीं, खर्च कसा झाला, परीक्षेंत कोण कसा उतरला, हें प्रसिद्ध होई. ठराविक अभ्यासक्रम, वर्ग, हजेरी, वार्षिक परीक्षा, जाहीर बक्षीससमारंभ, पगारी शिक्षक व ग्रंथालय, ही सारी रचना सरकारी शाळेसारखीच होती. मात्र सरकारचा एक पैसाहि तीत नव्हता. येथें चौथा परीक्षक पुढें आला. दूरच्या गांवीं दोन आणे देणारा विणकर अरबी व्याकरणाची परीक्षा घेऊं शकत नव्हता हें उघड आहे. पण अहवाल वाचून किंवा वाचून घेऊन, आपले दोन आणे कोठें गेले हें तो विचारूं शकत होता, आणि उत्तर न पटल्यास पुढच्या वर्षीं हात आंखडूं शकत होता. ही सत्ता त्याच्या आज्यापणज्यांपैकीं कोणाच्या हातीं कधीं आली नव्हती.

देवबंदच्या या रचनेंतहि एक उणीव राहिली, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शिक्षक एका विचाराचे असावे असा त्या आठ नियमांतच एक नियम होता. त्यामुळें शांतता राहिली. पण शिकविणारे, तपासणारे व अभ्यासक्रम ठरविणारे एकाच सांच्यांतले झाले. शिष्य ग्रंथ उत्तम वाचतो कीं नाहीं याची परीक्षा चोख होई. हेच ग्रंथ कां वाचावयाचे, हा प्रश्न परीक्षेंत येणें शक्य नव्हतें. तो प्रश्न उघडपणें विचारण्यासाठीं १८९० नंतरच्या दशकांत नद्वतुल उलमा ही सभा निघाली, व १८९८ सालीं तिनें लखनौस आपलें विद्यालय काढिलें. तिचे एक धुरीण मौलाना शिबली नोमानी यांनीं १८९२ सालीं तुर्कस्तान, शाम व मिसर या देशांचा प्रवास करून तेथील विद्यालयें स्वतः पाहिलीं, आणि जुन्या मदरशांची स्थिति पाहून झालेली निराशा आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली. घरचाच माणूस परदेशीं जाऊन आपल्याच परंपरेची पाहणी करितो व जें दिसलें तें छापतो, हा प्रसंग सरकारी इन्स्पेक्टराच्या शेऱ्याहून आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

शिबलींनीं पाहिलेल्या मिसर देशांत कैरोचें अल्‌-अझहर हें विद्यापीठ आहे. तेथें पूर्वीं रीत अशी कीं, विद्यार्थ्यास आपली तयारी झाली असें वाटलें म्हणजे त्यानें मशिदींतील एखाद्या खांबापाशीं बसून शिकवावयास लागावें. श्रोत्यांनीं नाना प्रश्न विचारून त्यास छळावें. टिकला तर तो शेख झाला. १८७२ सालच्या कायद्यानें ही रीत मोडून परीक्षा आली: सहा पंडितांचें मंडळ, अकरा विषय, आणि यशस्वी झालेल्यांच्या तीन श्रेणी. सुधारणा मोठी होती. परंतु खांबापाशीं बसणारास सर्वांदेखत प्रश्न विचारीत. मंडळाचा निकाल बंद दारामागें लागूं लागला. सुप्रसिद्ध अंध साहित्यिक ताहा हुसेन हे शिक्षकांशीं वाद घालणारे विद्यार्थी म्हणून तेथें अप्रिय होते. १९१२ सालीं ते अझहरच्या परीक्षेंत अनुत्तीर्ण ठरले, आणि दोनच वर्षांनीं कैरोच्या नव्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट त्यांनींच मिळविली. परीक्षेची व्यवस्था लागली म्हणजे न्यायाचीहि लागलीच, असें समजूं नये.

हिंदुस्थानांत पुढें परीक्षा घेणारीं सरकारी मंडळें झालीं. बिहारांत १९२२ सालीं व बंगाल्यांत १९२७ सालीं मदरशांच्या परीक्षांसाठीं अशीं मंडळें स्थापन झालीं. संयुक्त प्रांतांत मुन्शी, मौलवी, आलिम, कामिल, फाजिल अशा पायऱ्या ठरल्या. या मंडळांनीं एक चांगली गोष्ट केली. खेड्यांतल्या मदरशाच्या मुलास जिल्ह्याबाहेर ओळखतील असा दाखला मिळाला. पण मंडळाच्या परीक्षेस बसणारे मदरसे निराळे व देवबंदच्या वळणाचे स्वतंत्र मदरसे निराळे, अशी फूट पडली ती आजतागायत आहे. एकांस सरकारी अनुदान आहे, तर दुसऱ्यांस लोकांचा विश्वास. दोन्ही गोष्टी एकाच छपराखालीं क्वचितच नांदतात.

क्वचित नांदतात, पण नांदूं शकतात. याचा पुरावा केरळांत आहे. तेथें समस्त या उलमांच्या संघटनेनें १९५१ सालीं स्वतःचें धर्मशिक्षण मंडळ स्थापन केलें. आज १० हजारांहून अधिक मदरसे त्यास जोडलेले आहेत. सर्वांचीं पाठ्यपुस्तकें एक. पांचवी, सातवी, दहावी व बारावी या इयत्तांस सर्वत्र एकच परीक्षा. आणि मुफत्तिश नांवाचे तपासनीस मदरशांतून फिरून शिक्षकांचें काम पाहतात. मुलें सकाळीं मदरशांत जातात व मग साध्या शाळेंत जातात, म्हणून धर्मशिक्षण कीं गणित असा प्रश्नच तेथें पडत नाहीं. येथें तपासणारा बाहेरचा नाहीं. पण त्या विशिष्ट मदरशाचाहि नाहीं. त्यास धडा समजतो, आणि धडा वाईट झाला तर तो झांकून ठेवण्यांत त्याचा लाभ नाहीं. आम्हांस वाटतें कीं, इजाजतींतील ज्ञान व देवबंदच्या अहवालांतील उघडेपणा यांचा मेळ येथें बऱ्याच अंशीं बसला आहे.

उलटपक्षीं सरकारी तपासणीची अलीकडील तऱ्हा पाहा. मदरशांत गुणवत्तापूर्ण शिक्षण देण्याच्या नांवानें मध्यवर्ती सरकारनें २००९ सालीं एक योजना सुरू केली. गणित, विज्ञान वगैरे विषयांच्या शिक्षकांस पदवीप्रमाणें दरमहा ६ हजार किंवा १२ हजार रुपये मानधन द्यावयाचें होतें. किती शिक्षक नेमले हें मोजलें गेलें. परंतु मानधन वेळेवर पोंचेना, तें कित्येक शिक्षकांस वर्षानुवर्षें मिळालें नाहीं, आणि २०२२ नंतर ती योजनाच पुढें चालली नाहीं. आसामांत १ एप्रिल २०२१ पासून सरकारी मदरशांच्या साध्या शाळा करून टाकिल्या. उत्तर प्रदेशाचा २००४ सालचा मदरसा कायदा अलाहाबाद हायकोर्टानें २२ मार्च २०२४ रोजीं रद्द केला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरवून कायदा कायम ठेविला. कामिल व फाजिल या उच्च पदव्यांपुरता भाग मात्र न्यायालयानें विद्यापीठ अनुदान मंडळाच्या कायद्याशीं विसंगत ठरविला. शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठीं सरकारनें नियम करावे, पण संस्थेचें अल्पसंख्य स्वरूप नष्ट करूं नये, असा त्या निकालाचा रोख आहे. तो आम्हांस न्याय्य वाटतो.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. २०१५ च्या जुलै महिन्यांत राज्य सरकारनें असें ठरविलें कीं, जेथें इंग्रजी, गणित, विज्ञान व समाजशास्त्र हे विषय शिकवीत नाहींत त्या मदरशांतील मुलें शाळाबाह्य समजावीं. या ठरावामागील चिंता खोटी नव्हती. ज्या मुलास त्रैराशिक येत नाहीं त्यास बाजारांत, बँकेंत व कचेरींत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, आणि हें दैन्य टाळणें हें समाजाचें कर्तव्य आहे. पण पहांटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकापुढें बसणाऱ्या मुलास शाळाबाह्य म्हणणें ही मोजणी झाली, परीक्षा झाली नाहीं. त्यानें काय शिकलें हें कोणीं विचारलें नाहीं. काय शिकलें नाहीं तेवढेंच लिहून घेतलें. पुढें २०२४ च्या ऑक्टोबरांत त्याच राज्यानें मदरशांतील डी.एड. शिक्षकांचें मानधन ६ हजारांवरून १६ हजार व बी.एड. शिक्षकांचें ८ हजारांवरून १८ हजार केलें. उणीव मोजून थांबण्यापेक्षां ती भरून काढणारा शिक्षक पाठविणें हा मार्ग केव्हांहि श्रेयस्कर होय. मात्र तो शिक्षक वर्गांत उभा आहे कीं नाहीं, व मुलास हिशेब येऊं लागला कीं नाहीं, हें पाहणारा कोणी पाहिजे, नाहींतर हीहि वाढ केवळ कागदावर राहील.

या साऱ्या इतिहासावरून आम्हांस जें दिसतें तें थोडक्यांत असें. प्रत्येक परीक्षक आपल्याला जें हवें तेंच मोजतो. गुरूनें ग्रंथ मोजला, दात्यानें पंथ व हजेरी मोजली, कंपनीनें नोकरीस लागणारी लायकी मोजली, देवबंदच्या वर्गणीदारानें प्रामाणिकपणा मोजला, आणि आजचें सरकार विषयांची यादी मोजतें. यांतलें एकहि माप निरुपयोगी नाहीं, आणि एकहि पुरेसें नाहीं. जेथें एकाच परीक्षकाची सत्ता चालली तेथें त्याच्या हेतूबरोबर विद्यालयहि लयास गेलें. जेथें दोघांतिघांची नजर एकमेकांवर राहिली व निकाल उघडा झाला, तेथें तें टिकलें. कलकत्त्याच्या मदरशाचें २००८ पासून अलिया विद्यापीठ झालें आहे, देवबंदचा मदरसा दीडशें वर्षांनंतरहि वर्गणीवर चालतो, आणि बिदरच्या मनोऱ्यावरचीं रंगीत कौलें प्रवासी पाहून जातात. तिन्ही ठिकाणीं विद्वान होते, तिन्ही ठिकाणीं ग्रंथ होते.

मदरशांतील मुलांची संख्या शेंकडा तीन असली तरी तीं बहुतेक गरिबांचीं मुलें आहेत. ज्या बापास मुलाच्या जेवणाची व राहण्याची दुसरी सोय करतां येत नाहीं, तो पुष्कळदां त्यास मदरशांत ठेवितो. तेव्हां मदरशाची परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकानें, मग तो मुफत्तिश असो, मंत्री असो कीं मासिकांत लेख लिहिणारा असो, आपला तक्ता उघडण्यापूर्वीं एवढें ठरविलें पाहिजे कीं, परीक्षेच्या शेवटीं त्या मुलाच्या हातीं आहे त्यांत भर पडावयाची आहे. बगदादेस शिराझींनीं मदरशाच्या दाराशीं पाऊल थांबविलें तें या कारणासाठीं कीं, ज्याच्यावर अन्याय झाला तो मनुष्य त्यांस इमारतीआधीं दिसला. ती दृष्टि ज्या तपासनिसास असेल त्यास मदरशाचें दार उघडें मिळावें, आणि त्यानें लिहिलेला शेरा मदरशानेंहि मोकळ्या मनानें वाचावा.